कांद्याला ताडपत्री आहे, तुम्हाला आहे का?

(सामुदायिक रेडिओवरच्या महिला बचत गटांच्या कार्यक्रमातलं भाषण. बोललं गेलं तसंच छापलं आहे.)

कुणी भाकरी थापत ऐकत असेल, कुणी कंपनीतून येऊन नुकती टेकली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

गटाच्या बैठकीत मी एक प्रश्न विचारते, तोच आज तुम्हाला विचारते. तुमच्या घरात ताडपत्री आहे का? बहुतेक सगळ्यांचे हात वर होतात. मग पुढचा प्रश्न. ती कुणाची? कुणी म्हणतं कांद्याची. कुणी म्हणतं वैरणीची. कुणी म्हणतं पिकअपवर टाकायची. आता तिसरा प्रश्न. रानात असताना वळीव आला, वारा सुटला, तर तुमच्या स्वतःच्या अंगावर काय आहे? इथे बैठक गप्प होते. मग कुणीतरी हसून म्हणतं, "ताई, आमच्या अंगावर पदर."

आज त्या पदराबद्दलच बोलायचं आहे. उघड्यावर अडकलो तर चटकन अंगावर घेता येईल, पिशवीत मावेल, खांद्याला जड होणार नाही, असा आडोसा कसा निवडायचा ते सांगणार आहे. आणि मी स्वतः कुठे चुकले तेही सांगणार आहे, कारण चूक सांगितली की ती दुसरीला करावी लागत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातल्या बारा जणी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून सासवडपर्यंत निघाल्या होत्या. जाण्याआधी बैठकीत विषय निघाला की पावसापाण्याची सोय काय करायची. मी गटाची समन्वयक, बी.ए. झालेली, मोबाईलवर चार गोष्टी बघितलेली. मी म्हटलं, घडीचे तयार तंबू घेऊ. चार माणसांचा एक, असे तीन. रंग छान, पिशवी छान, चित्रात तर हसतं-खेळतं कुटुंब बसलेलं. गटाच्या शिलकीतून पैसे काढले आणि तंबू आले. एकेक साडेतीन किलोचा.

आता तुम्हीच सांगा, कपडे, पाण्याची बाटली, दशम्या, औषधाच्या गोळ्या आणि त्यावर साडेतीन किलोचा तंबू घेऊन कोण चालणार? कुणीच नाही. तंबू गेले दिंडीच्या ट्रकवर. पुण्याहून सासवडचा टप्पा मोठा, त्यात दिवे घाट. तुम्हाला माहीतच आहे, घाटात पालखी पायी जाते आणि दिंड्यांची वाहनं आधीच पुढे काढलेली असतात. आम्ही घाटात, तंबू सासवडला. आणि घाटाच्या मध्यावर पाऊस आला. नुसता पाऊस असता तर वारकऱ्याला त्याचं काय! पण वारा असा की छत्र्या उलट्या झाल्या. अर्ध्या तासात सगळ्या चिंब. आमच्यातल्या एक काकी, पन्नाशी उलटलेल्या, थंडीनं लटलट कापायला लागल्या. ओठ निळे पडले. बोलताना शब्द अडखळायला लागले.

तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी आपल्या पिशवीतून एक घडी काढली. खताच्या रिकाम्या गोण्या उसवून, धुऊन, एकमेकींना शिवून केलेला कागद. वजन म्हणाल तर पाव-अर्धा किलो. मावशी म्हणाल्या, "बसा गं खाली. पाठीला पाठ लावा. हिला मध्ये घ्या." पाचजणी गोल बसल्या, काकी मध्ये. मावशींनी कागद सगळ्यांच्या डोक्यावरून ओढला आणि कडा प्रत्येकीनं बुडाखाली दाबल्या. झाला तंबू. ना काठी, ना दोरी, ना खुंटी. दहा मिनिटांत आतली हवा अंगाच्या उबेनं गरम झाली. काकींचं कापणं हळूहळू थांबलं, बोलणं सरळ झालं. बाकीच्या सात जणी आळीपाळीनं आत शिरल्या.

रात्री सासवडला आमचे तीन तंबू कोरडे ठणठणीत होते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुढे मी वाचलं की इंग्लंड-स्कॉटलंडच्या डोंगरात फिरणारे लोक अगदी अशीच वस्तू जवळ ठेवतात. काठ्या नसलेली मोठी पातळ पिशवी. वादळ आलं की सगळ्यांनी एकत्र बसून डोक्यावरून ओढून घ्यायची. आमच्या मावशींनी ते कधी वाचलेलं नव्हतं. त्यांनी भाताच्या लावणीत आयुष्य काढलं होतं.

मावळात आणि आपल्या खेडच्या पश्चिम पट्ट्यात लावणीला बायका पूर्वी काय घ्यायच्या? इरलं. बांबूच्या कामट्या आणि मध्ये पानं. इरल्याचं काम बघा. वाकलं तरी पाठ झाकलेली, हात दोन्ही मोकळे, वाऱ्यानं उलटं होत नाही, आणि बाईला उचलायला हलकं. घोंगडीची खोळ उबदार, भिजली तरी थोडी ऊब धरते, पण भिजल्यावर ओझं होते. म्हणून पुढे प्लॅस्टिकची खोळ आली. आपल्या आयांनी, आज्यांनी या वस्तू विचार करून घेतल्या होत्या. आपण दुकानात जाताना तेच प्रश्न घेऊन जायचे. मला उचलेल का? हात मोकळे राहतील का? वाऱ्यात टिकेल का?

आता तुम्ही म्हणाल, ताई, एवढं कशाला? पाऊस आला की जवळ जे असेल त्याच्या आडोशाला जायचं, इतकी वर्षं तेच केलं. इथेच मला थांबवायचं आहे तुम्हाला.

१७ एप्रिल २०२३. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये, किवळ्याला, महामार्गाच्या सेवा रस्त्याला. संध्याकाळी वादळी वारा आणि पाऊस आला. रस्त्यानं जाणारी माणसं आडोसा म्हणून पंक्चरच्या टपरीपाशी थांबली. वर भलं मोठं लोखंडी होर्डिंग होतं. ते वाऱ्यानं कोसळलं. पाचजण गेले. त्या पाचांत चार बायका होत्या. पुढच्या वर्षी, १३ मे २०२४ ला, मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर असंच होर्डिंग पडलं आणि सतरा माणसं गेली.

त्या चौघींची काय चूक होती? काही नाही. तुम्ही-मी जे केलं असतं तेच त्यांनी केलं. पाऊस आला, समोर छप्पर दिसलं, गेल्या. जवळ स्वतःचं काही नसलं की आपण समोर दिसेल त्या छपराखाली पळतो आणि वर काय आहे ते बघत नाही. म्हणून आज पहिली गोष्ट पक्की करा. आडोसा आपल्याजवळ हवा, आपल्या पिशवीत. ट्रकवरचा, घरातला, कांद्यावरचा आडोसा ऐन वेळी आपला नसतो.

आता निवडायचा कसा ते बघू. तीन प्रकारच्या मैत्रिणी माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एक रानात जाणारी, एक कंपनीत जाणारी आणि एक वारीला किंवा जत्रेला चालत जाणारी.

कंपनीत जाणारीचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. चाकण एमआयडीसीत पहिल्या पाळीला पहाटे अंधारात बसची वाट बघत उभं राहावं लागतं. तिला ताडपत्री नको. तिला हवा डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट, ज्याला बाह्या नसतात, नुसता झोळा असतो. पाठीवरची पिशवीही त्याच्या आत झाकली जाते, आणि उलगडला तर चादरीसारखा पसरतो, दोघी बसतील एवढा. रंग भडक घ्या. पिवळा, नारिंगी. पहाटे कंटेनर धावत असतात, चालकाला तुम्ही दिसलं पाहिजे. आणि एक हात जोडून सांगते, पाऊस असो की ऊन, रस्त्याकडेला उभ्या ट्रकच्या किंवा ट्रेलरच्या खाली बसू नका. चालकाला खाली कोण बसलंय ते दिसत नाही.

रानात जाणारी आणि चालत जाणारी, या दोघींसाठी मात्र हलकी ताडपत्री हाच सगळ्यात चांगला सौदा आहे. आता दुकानात चला माझ्याबरोबर.

दुकानदार पहिलं विचारेल, किती जीएसएमची? गोंधळू नका. जीएसएम म्हणजे एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद तुकड्याचं वजन किती ग्रॅम. आकडा जेवढा मोठा तेवढी ताडपत्री जाड, मजबूत आणि जड. कांद्याच्या आरणीवर टाकायला, चाळ झाकायला २०० ते २५० ची घेतात, ते बरोबर आहे. ती महिनोन्‌महिने उन्हातान्हात राहते. पण आपल्याला ती खांद्यावर न्यायची आहे. आपल्याला ९० ते १२० पुरे.

वजनाचा हिशोब तोंडी करता येतो. लांबी-रुंदी फुटात घ्या, गुणाकार करा, अकरानं भागा, आणि आलेल्या आकड्याला जीएसएमनं गुणा. उत्तर ग्रॅममध्ये. ८ बाय १० फुटांची १२० जीएसएमची घेतली तर ऐंशी भागिले अकरा, म्हणजे सव्वासात, गुणिले १२०. पावणेनऊशे ग्रॅमच्या आसपास. ६ बाय ९ ची त्याच जाडीची सहाशे ग्रॅमच्या आत. आणि कांद्याची १२ बाय १५ ची, २५० जीएसएमची? चार किलोच्या वर. कळलं ना, कांद्याची ताडपत्री बाईनं का न्यायची नसते!

हाच हिशोब दुकानदाराची परीक्षा घ्यायलाही येतो. तो म्हणाला ८ बाय १०, १२० जीएसएम, आणि वजनकाट्यावर ठेवली तर भरली सहाशे ग्रॅम. मग ती १२० ची नाही, ऐंशीच्या आसपासची आहे. आम्ही एकदा अशीच स्वस्त म्हणून आणली होती. पहिल्याच वळवात कडेच्या रिंगा कापडासकट बाहेर आल्या. आता आमच्या गटातल्या बायका काट्याशिवाय बोलत नाहीत.

मग हातानं बघायचं. उघडून उन्हासमोर धरा, टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर ती गळणार. दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर आहे का बघा. नखानं कड खरवडून बघा, पापुद्रा सुटत असेल तर परत ठेवा. कडेला आत दोरी घालून दुमड मारलेली असावी, रिंगा तीन-साडेतीन फुटांवर असाव्यात आणि चारही कोपऱ्यांना तर असायलाच हव्यात. प्लॅस्टिक विणून केलेल्या ताडपत्रीसाठी भारतीय मानक आहे, आयएस ७९०३. तो आकडा आणि आयएसआयची खूण असेल तर चांगलंच.

आकार किती घ्यायचा? जगभरच्या मदत संस्था असा हिशोब धरतात की आपत्तीत माणसाला राहायला किमान साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा हवी, म्हणजे साधारण ३८ चौरस फूट. ते राहण्यासाठी. ८ बाय १० ची ताडपत्री तिरकी बांधली की खालची जागा आणखी कमी होते. तिच्याखाली रात्र काढायची तर दोघी. पण तासा-दोन तासांचा पाऊस टाळायला चार-पाच जणी दाटीवाटीनं बसतात. म्हणून आमचा नियम असा, चार जणींत एक ८ बाय १० ची. एकटी-दुकटी रानात जाणारीला ६ बाय ९ पुरते.

रंगाचं काय? काळी तापते, निळी सगळ्यांकडे असते. नारिंगी किंवा पिवळी मिळाली तर ती घ्या, कारण डोंगरात, माळावर शोधायला येणाऱ्याला ती लांबून दिसते.

आता तो चांदीसारखा चकचकीत कागद. ट्रेकिंगच्या दुकानात मिळतो, घडी केली तर तळहातावर मावतो, वजन जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. तो वाईट नाही, पण त्याचं काम ओळखा. तो छप्पर नव्हे. वाऱ्यात फडफडून फाटतो, एक चीर पडली की पार जातो. त्याचं काम अंगाची ऊब अडवायची. भिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला, लेकराला कोरडं करून त्यात गुंडाळायचं आणि वरून ताडपत्री घ्यायची. गटात दोन असू द्या.

आणि तयार तंबू? माझ्या तीन तंबूंचं काय झालं? ते वाया गेले नाहीत. मुक्कामाच्या जागी कपडे बदलायला बायकांना त्यांच्यासारखी सोय नाही. पण ती मुक्कामाची वस्तू आहे, वाटेवरची नाही. दोन्हींत गल्लत केली, ती माझी चूक.

ताडपत्री घेतली, आता बांधायची कशी? तिच्याबरोबर वीस मीटर बारीक नायलॉनची दोरी ठेवा. सुती दोरी भिजली की गाठ सुटत नाही. गाठ सुरगाठ मारा, म्हणजे एक टोक ओढलं की मोकळी. रिंग तुटली तर घाबरू नका. लिंबाएवढा गुळगुळीत दगड घ्या, तो ताडपत्रीच्या कोपऱ्यात आतून धरा आणि बाहेरून दोरीनं आवळा. रिंगेपेक्षा घट्ट बसतो.

वारा येतो त्या बाजूची कड जमिनीला टेकवा, दगडांनी, मातीनं दाबा. उघडी बाजू वाऱ्याकडे पाठ करून. आपल्याकडे आषाढ-श्रावणात पाऊस पश्चिमेकडून मारतो, तेव्हा पाठ पश्चिमेला. वळवाचा मात्र भरवसा नाही, तो कुठूनही येतो, आधी धूळ कुठून येते ते बघा. उतार ठेवा. सपाट बांधली की मध्ये पाणी साचतं आणि पोट सुटतं. छप्पर उंच करायचा मोह नको, बसल्यावर डोक्याला लागणार नाही एवढं पुरे. जेवढं खाली तेवढं वाऱ्याला कमी सापडतं.

वरच्यापेक्षा खालची थंडी जास्त खाते, हे विसरू नका. ओल्या जमिनीवर बसू नका. गोणपाट, पेंढा, पाला, नाहीतर स्वतःची पिशवी खाली घ्या.

दोन गोष्टी जिवावरच्या आहेत, त्या नीट ऐका. बंद आडोशात चूल, शेगडी, स्टो काही पेटवायचं नाही. धुराचा वास आला नाही तरी त्यातला विषारी वायू झोपेतच माणूस नेतो. आणि ताडपत्री डोक्यावरून ओढून बसलात तर दर काही मिनिटांनी एक कड उचलून हवा घ्यायची. लहान लेकराचं तोंड प्लॅस्टिकपासून मोकळंच ठेवायचं.

आता वीज. इथे मी स्पष्ट सांगते, ताडपत्री पावसाला आहे, विजेला नाही. ताडपत्रीखाली बसलं म्हणून वीज टळत नाही, इरल्याखाली नाही आणि झाडाखाली तर मुळीच नाही. वीज चमकली की मनात मोजायला लागा. गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन मोजले तर वीज साधारण एक किलोमीटरवर. तिसाच्या आत आवाज आला तर काम सोडायचं आणि पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत जायचं. ट्रॅक्टरची ट्रॉली चालत नाही, पत्र्याची उघडी शेड चालत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. अगदी मोकळ्यावर अडकलात तर झाड, खांब, तारेचं कुंपण, पाणी यांपासून लांब, दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं, डोकं खाली. आडवं पडायचं नाही. आणि तेव्हा एकमेकींना चिकटून बसायचं नाही, अंतर ठेवायचं. मघाशी मी पाठीला पाठ लावा म्हटलं, ते पाऊस-वाऱ्याला. विजेला उलटं. हा फरक घरातल्या सगळ्यांना सांगा. आपल्या पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं मोफत ॲप केलं आहे. आपल्या आसपास वीज पडायचा धोका असेल तर ते सांगतं. लेकीला, सुनेला सांगून मोबाईलमध्ये घालून घ्या.

जागा निवडतानाही तसंच. ओढ्यात, नाल्यात, त्याच्या काठावर नाही. पाऊस वर डोंगरात पडतो आणि लोंढा खाली येतो, तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडं असलं तरी. जुनी भिंत, विजेचा खांब, मोठी पाटी, पत्र्याचं हलणारं छप्पर, यांच्या खाली नाही. आणि डोंगराच्या पायथ्याला, जिथे जमिनीला भेगा पडल्यात, झाडं कलली आहेत, जिथून अचानक गढूळ पाणी यायला लागलंय, तिथे ताडपत्री बांधून थांबायचं नाही, तिथून निघायचं. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण आपण विसरलेलो नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसं गेली. तुमच्या वाडीला हलायला सांगितलं तर हला. ताडपत्री, दोरी, कोरडे कपडे, कागदपत्रं, बॅटरी आणि औषधं एका पिशवीत तयार असली की निघायला पाच मिनिटं लागतात. ती तयार नसली की घरात फिरफिर करण्यात तास जातो.

आणि कुणी भिजून गारठलंच तर काय? कापतंय तोवर शरीर झगडतंय. ओले कपडे काढा, कोरडं गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. पण कापणं थांबलं आणि माणूस बरळायला लागलं, सुस्त पडायला लागलं, तर ते बरं होणं नव्हे, ते बिघडणं आहे. तिथे वेळ घालवू नका, १०८ ला फोन लावा. हातपाय जोरजोरात चोळू नका.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात अवघड. ताडपत्री विकत घेणं सोपं आहे. ती आपल्याजवळ राहणं अवघड आहे.

आमच्या गटानं वारीनंतर चार जणींत एक अशा ताडपत्र्या घेतल्या. दोन महिन्यांनी मी विचारलं, काढा बघू. एकीची गोठ्यावर होती. एकीची दिरानं मोटारसायकल झाकायला घेतली होती. एकीच्या ताडपत्रीवर शेंगा वाळत होत्या. चौथ्या वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, "ताई, वळीव आला तेव्हा कांदा उघडा होता. मोठी ताडपत्री पुरली नाही, म्हणून हीपण टाकली." मी विचारलं, "मग तुम्ही कुठे होतात?" म्हणाल्या, "बाभळीखाली."

मला त्यांना बोलता येईना. कांदा भिजला की वर्षाचा पैसा जातो, हे मला काय माहीत नाही? माझ्या माहेरीही कांदाच आहे. पण त्या बाभळीखाली विजा चमकत असताना बसल्या होत्या. कांदा पुन्हा लावता येतो, एवढंच मी म्हटलं. त्यावर आमच्या त्याच वयस्कर मावशी बोलल्या, "लावेल कोण? हीच ना? मग आधी हिला झाका." त्या दिवशी बैठकीत दुसरा ठराव करायची गरजच पडली नाही.

तेव्हापासून आमच्या गटात काही रीती आहेत. ताडपत्रीवर रंगानं गटाचं नाव आणि ‘माणसांसाठी’ असं लिहिलेलं आहे. ती रानात जाताना डब्याबरोबरच पिशवीत जाते. दुसऱ्या कामाला दिली तर पुढच्या बैठकीत दहा रुपये दंड, तो दोरी-रिंगांच्या खर्चाला. वापरली की पूर्ण वाळवून घडी घालायची, ओली ठेवली तर बुरशी येते आणि उंदीर कुरतडतात. दर महिन्याच्या बैठकीत एकदा उलगडून बघायची. आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, वळवाच्या आधी, अंगणात बांधून दाखवायची. पहिल्या वर्षी आम्हाला वीस मिनिटं लागली आणि हसून हसून पुरेवाट झाली. आता पाच मिनिटांत होते.

कांद्याच्या वहिनींनी काय केलं, तेही सांगते. त्यांनी गटातून छोटं कर्ज घेऊन कांद्यासाठी आणखी एक मोठी ताडपत्री घेतली. म्हणजे लहान ताडपत्रीला कुणी हात लावणार नाही. हे मला सुचलं नव्हतं, त्यांना सुचलं.

तुम्हाला या आठवड्याला एकच काम देते. घरातली ताडपत्री बघायला जाऊ नका, ती कांद्याची आहे. आपली रोजची पिशवी उघडा. रानात, कंपनीत, बाजारात नेता ती. तिच्यात तुमच्या स्वतःच्या अंगावर घ्यायला काय आहे ते बघा. काही नसेल तर खताच्या चार रिकाम्या गोण्या धुऊन, उसवून, शिवायला घ्या. दुहेरी शिवण घाला आणि शिवणीवर मेण फिरवा, पाणी कमी झिरपतं. पैसे लागत नाहीत, एका दुपारचं काम आहे. मग येत्या बैठकीत दुकानातल्या ताडपत्रीचा विषय काढा, आणि जाताना वजनकाट्याचा हिशोब आठवा. लांबी गुणिले रुंदी, भागिले अकरा, गुणिले जीएसएम.

आमच्या मावशींचा तो गोण्यांचा कागद अजून आहे. यंदाही त्यांच्याबरोबर गेला होता. मी नवी देऊ का म्हटलं, तर म्हणाल्या, "तुझी नवी दुसरीला दे. हिनं पाचजणी झाकल्यात."

येते मी. काळजी घ्या, आणि आभाळ भरून आलं की आधी वर बघा, मग आडोसा धरा. नमस्कार.